काचेला चिकटलेली बातमी

नवतप्याचा तिसरा दिवस होता. ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून सकाळी सातलाच मी बाबांच्या टेबलावरची काच उचलली. टेबल सागवानी, जुनं, पायांना पुराच्या पाण्याचा काळा डाग अजून तसाच. ते पॉलिश करायला द्यायचं ठरलं होतं, माणूस दहा वाजता टेम्पो घेऊन येणार होता. काच मागच्या अंगणात नेली, ओट्यावर उलटी ठेवली आणि बादलीत फडकं बुडवून पुसायला घेतली. काचेखाली बाबांच्या हयातीपासूनचं काय काय होतं : शेगावच्या महाराजांचं चित्र, माझा शाळेतला फोटो, एसटीचं कधीचं तरी वेळापत्रक. सगळं अंबाझरी तलावाच्या पुराच्या पाण्यात भिजून, पुन्हा वाळून, काचेला चिकटून बसलेलं. एका जागी तपकिरी बुरशीच्या ठिपक्यांत काळं काहीतरी होतं, मुंग्यांच्या रांगेसारखं. मला ती घाण वाटली. मी जोर लावून घासलं. कागद लगद्यासारखा निघाला, बोटांना शाई लागली, आणि शाई लागल्यावर माझा हात थांबला. ती अक्षरं होती. उलटी दिसत होती म्हणून मला ओळखू आली नव्हती. काच परत सुलटी करून वरच्या बाजूनं पाहिलं. बातमीचा मथळा बहुतेक गेला होता. शेवटची दोनच मोठी अक्षरं शाबूत होती : तळे. खाली एका फोटोतला कान आणि कॉलर, आणि तीन-चार तुटक ओळी.

आई दारात चहा घेऊन उभी होती. मी विचारलं, "बाबांनी कोणत्या तळ्याची बातमी ठेवली होती गं?"

"तळ्याची कुठली?" ती म्हणाली. "चितळ्यांची होती ते. पुसून टाकली का सारी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तरी ते वाक्य दिवसभर मागे मागे फिरत राहिलं. टेम्पोवाल्याला मी फोन करून सांगितलं की आज येऊ नका. कारण विचारलं त्यानं, पण ते त्याला काय सांगणार.

माधव चितळ्यांना स्टॉकहोम जल पारितोषिक मिळालं ते १९९३ साली. ते पारितोषिक तेव्हा नवीनच होतं, १९९१ पासून सुरू झालेलं. दर वर्षी ऑगस्टमध्ये स्टॉकहोमच्या नगरभवनात स्वीडनच्या राजाच्या हस्ते देतात. पण आमच्या घरात ही सगळी माहिती फार महत्त्वाची नव्हती. महत्त्वाचं हे होतं की चितळे आपल्या खात्यातले. हा माणूस महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यात इंजिनिअर म्हणून लागला, पुढं केंद्रात जलसंसाधन खात्याचा सचिव झाला. बाबा त्याच खात्यात मोजणीदार. दोघांच्या मध्ये किती पायऱ्या होत्या ते मोजायला बसलं तर दिवस जाईल, आणि बाबांनी त्यांना कधी जवळून पाहिलंही नव्हतं. तरी त्या दिवशी संध्याकाळी ते पाव किलो संत्रा बर्फी घेऊन घरी आले. पगाराच्या दिवसाशिवाय आमच्याकडे बर्फी येत नसे. शिवणाच्या कात्रीनं त्यांनी बातमी कापली, कडा सरळ याव्यात म्हणून पट्टी लावून. मग काच एका बाजूनं उचलून धरायला मला सांगितलं आणि कात्रण आत सरकवलं. "तिथं राजासमोर उभा राहिला," एवढंच म्हणाले, "आणि बोलला असेल तर आपल्याच आकड्यांवर बोलला असेल." मी तेव्हा चौदा वर्षांची होते. "आपल्याच आकड्यांवर" हे ऐकून मला काच हातातून सुटतेय की काय असं झालं होतं, कारण त्या आकड्यांतला एक माझा होता.

ती गोष्ट त्याच्या आदल्या वर्षीची, म्हणजे १९९२ च्या मे महिन्यातली.

आम्ही तेव्हा शहरापासून जरा लांब, एका लहान धरणाच्या वसाहतीत राहायचो. ओळीत दहा-बारा क्वार्टर, पुढं पळसाची झाडं, मागं धरणाची भिंत. विश्रामगृहाच्या पलीकडे तारेच्या कुंपणात एक चौकोनी जागा होती. तिथं पर्जन्यमापक, आणि लाकडी चौकटीवर ठेवलेलं एक मोठं पसरट गोल भांडं. सव्वा मीटरच्या आसपास रुंद, वीतभर खोल, वर जाळी, म्हणजे पाखरांनी पाणी पिऊ नये. साहेब लोक त्याला बाष्पीभवनमापक म्हणत, बाबा आणि चौकीदार नुसतं "पॅन" म्हणत. पॅनच्या आत एक उभी पितळी नळी, आणि नळीत एक टोकदार काटा वर तोंड करून बसवलेला. वाऱ्यानं बाहेरचं पाणी हललं तरी नळीतलं शांत राहतं. दिवसभरात ऊन आणि वारा मिळून जेवढं पाणी नेत, तेवढं ते काट्याच्या टोकाखाली उतरलेलं असे. रोज सकाळी साडेआठला जायचं, मापाच्या भांड्यानं हळूहळू पाणी घालायचं. बाबा गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, श्वास रोखून बघायचे. खालून काट्याचं टोक आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब एकमेकांच्या जवळ जवळ येत जातं. दोन्ही टोकं टेकली की थांबायचं. जेवढं घातलं तेवढं काल उडालं. एक थेंब जास्त झाला तर टोक बुडतं आणि प्रतिबिंब नाहीसं होतं, मग परत पहिल्यापासून.

मला ते बघायला फार आवडायचं. सकाळच्या त्या वेळेला भांड्याची कड अजून गार असायची, जाळीवर एखादी मैना बसून आत डोकावत असायची, आणि बाबा आकडा मोठ्यानं बोलून मग लिहायचे. आधी बोलायचं, मग लिहायचं, अशी त्यांची पद्धत. मे महिन्यात तो आकडा सहज दहा मिलिमीटरच्या वर जायचा. दहा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं, त्यात काय, असं मी एकदा म्हटलं होतं. बाबांनी मला तिथंच, मातीवर काडीनं गणित मांडून दाखवलं. एक हेक्टर तळ्यावरनं दहा मिलिमीटर उडालं म्हणजे एक लाख लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर. एका दिवसात, एका हेक्टरवरून, कोणी न पिता, कोणी न सांडता. मग लगेच म्हणाले, थांब, तळ्याला पॅनचा हिशोब जसाच्या तसा लागू नाही करायचा. पॅनचा पत्रा तापतो, त्यातलं पाणी जास्त उडतं. शून्य पूर्णांक सातनं गुणायचं. सात टँकर. तीन टँकर कमी झाले याचं त्यांना समाधान वाटलं होतं की आकडा बरोबर आला याचं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या मे महिन्यात बाबांना ताप आला. चौकीदार लग्नाला गावी गेलेला. बाबा खाटेवर, कपाळावर ओलं फडकं, आणि साडेआठ वाजत आलेले. म्हणाले, "बेटा, तू जाऊन ये ना. तुला येते पाहता." मी वही घेऊन निघाले. विश्रामगृहापर्यंत गेले. तिथं आंब्याखाली शेजारच्या मुली कैऱ्या गोळा करत होत्या, रात्रीच्या वाऱ्यानं पडलेल्या. मी पाच मिनिटं म्हणून थांबले. मीठ-तिखट आलं, कोणीतरी विळी आणली. दात आंबले तेव्हा ऊन इतकं चढलं होतं की कुंपणापर्यंतची उघडी वाट बघूनच मला नको झालं. मी वही उघडली. मागचे तीन आकडे ११.२, ११.६, ११.५. मी लिहिलं ११.४. पावसाच्या रकान्यात रोजच्यासारखं शून्य. अक्षरसुद्धा बाबांसारखं काढलं.

बाबांनी वही पाहिली, बराच वेळ. मग म्हणाले, "पहाटे पत्र्यावर थेंब वाजले ना. पर्जन्यमापकात काहीच नव्हतं का?"

मी गाढ झोपेत होते, मला थेंबांचं माहीत नव्हतं. तापानं रात्रभर जागा असलेला माणूस प्रत्येक थेंब ऐकत होता. मी काही बोलले नाही आणि त्यांनी परत विचारलं नाही. उशीखालचं लाल पेन घेतलं, माझ्या दोन्ही आकड्यांवर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी एक आडवी रेघ काढली, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं "नोंद घेतली नाही", आणि सही केली. नंतर कचेरीतून त्या दिवसाबद्दल विचारणा आली तेव्हा त्यांनी उत्तर दिलं की मी आजारी होतो, जाऊ शकलो नाही. माझं नाव कुठंच नाही. मला रागावलेही नाहीत. एकदाच, कितीतरी दिवसांनी, जेवताना म्हणाले, "रिकामी जागा दिसली का माणूस विचारते, इथं काय झालं होतं. आकडा दिसला का कोणी विचारत नाही." मी ताटातल्या वरणाकडे बघत बसले.

म्हणून १९९३ च्या त्या संध्याकाळी काच धरून उभी असताना माझे हात कापले. माझा आकडा त्यांनी खोडला होता, तो स्टॉकहोमला काय, तालुक्यालाही पोचला नव्हता. पण चौदाव्या वर्षी असल्या गोष्टी अशा सरळ कळत नाहीत. मला वाटायचं, कुठल्यातरी मोठ्या बेरजेत तो ११.४ घुसला असेल आणि कधीतरी कोणीतरी राजासमोर चुकीचं बोलेल.

परवा रात्री कूलरसमोर बसून मी त्या पारितोषिकाबद्दल जे मिळेल ते वाचत होते. वाळ्याच्या ताट्यांचा वास, मोटरची घरघर, मध्येच पंपाचं पाणी तुटलं की येणारा कोरडा गरम झोत. आमच्या नागपुरात उन्हाळाभर लोक संध्याकाळी पाइप लावून कूलरची टाकी भरतात आणि सकाळपर्यंत ती रिकामी होते. बाबा निवृत्त झाल्यावर तेही मोजायचे, किती बादल्या लागल्या ते. कॅलेंडरवर तारखेच्या कोपऱ्यात बारीक आकडे. आई चिडायची, की आता तरी सोडा. ते म्हणायचे, पॅनच आहे हा, फक्त उभा.

वाचता वाचता पहिल्या वर्षीचा मानकरी सापडला. डेव्हिड शिंडलर, कॅनडातला सरोवरांचा अभ्यासक. त्याची गोष्ट वाचून मी पंखा बंद केला, कूलर बंद केला आणि घामात तशीच बसून राहिले. ओंटारिओच्या जंगलात प्रयोगासाठी राखून ठेवलेली सरोवरं आहेत, त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. त्यातलं २२६ नंबरचं सरोवर मधोमध चिंचोळं, म्हणजे दोन पोटं असलेलं. १९७३ साली त्या चिंचोळ्या जागी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्लास्टिकचा पडदा सोडला. एका बाजूच्या पाण्यात कार्बन आणि नायट्रोजन घातला. दुसऱ्या बाजूला कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. काही आठवड्यांत फॉस्फरसची बाजू शेवाळानं हिरवीगार झाली, दुसरी काळी-निळी स्वच्छ राहिली. वरून विमानातून काढलेला त्याचा फोटो आहे. एकच सरोवर, मध्ये एक रेघ, आणि अलीकडे-पलीकडे दोन रंग. त्या आधी साबण आणि डिटर्जंटवाले म्हणत होते की तळी हिरवी होण्यात आमच्या फॉस्फेटचा दोष नाही. फोटो बघितल्यावर ते म्हणणं टिकवणं अवघड झालं, आणि पुढं कायदे झाले.

मी तो फोटो खूप वेळ पाहिला. नागपूरच्या तळ्यांवर, फुटाळ्याच्या काठानं, गांधीसागरच्या कठड्यापाशी, सोनेगावला, किती वेळा ते हिरवं पाहिलंय मी. लहानपणी त्याच गांधीसागरपाशी, ज्याला 'शुक्रवारी तलाव' म्हणतात, मामाकडे जायचो तेव्हा मला तो रंग सुंदर वाटायचा. गोंड राजाच्या काळापासूनचं तळं आहे तर त्याचं पाणी असंच हिरवं, जुनं असणार, असं मला वाटे, देवळातल्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसं. मी मोठी झाले, शिकले, तरी ती समजूत कुठंतरी तशीच राहिली. आमच्या गल्लीतल्या गटारातून फेसाचं पाणी नाल्याकडे जाताना रोज दिसतं आणि तळ्याचा हिरवा रंग महिन्यातून एकदा दिसतो, मध्ये तीन-चार किलोमीटर रस्ता आहे. मध्ये पडदा धरणारं कोणी असलं की दोन्ही एकत्र दिसतात. बाबांना हा माणूस माहीत नव्हता, मला खात्री आहे. त्यांना सांगता आलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, पडदा तळापर्यंत नीट टेकवला होता का, खालून पाणी झिरपत नव्हतं ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला दुसऱ्या एका मानकरी बाईंची गोष्ट सांगितली. रिटा कोलवेल, अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, त्यांना हे पारितोषिक २०१० मध्ये मिळालं. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू पाण्यातल्या अगदी बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जिवांना चिकटून राहतात हे त्यांनी शोधलं. मग बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना सांगितलं की साडीचं कापड चार पदरी करून त्यातून पाणी गाळा. जंतू गाळले जात नाहीत, पण ज्यांच्या पाठीवर ते बसतात ते जीव अडकतात. पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. आई मेथी निवडत होती. म्हणाली, "जुन्या साडीचं ना? नव्या कापडातून काही गाळल्या जात नाही. धुऊन धुऊन सूत फुगते तेव्हा कुठं ते धरते." मी चकित झाले, कारण संशोधनात अगदी हेच निघालं होतं : वापरून मऊ झालेल्या सुती साडीची छिद्रं लहान होतात. वसाहतीत जुलैमध्ये नळाला लाल गढूळ पाणी यायचं, तेव्हा आई आजीच्या लुगड्याची चार पदरी घडी मडक्यावर ताणून बांधायची. घडीवर उरलेला गाळ ती अंगणात झटकायची, आणि मग फडकं उलटं करून, हो, उलटंच करून, धुवायची. "मग मला का नाही मिळालं बक्षीस?" असलं काही ती बोलली नाही. ती म्हणाली, "बरं केलं त्या बाईनं. लिहून ठेवलं."

लिहून ठेवलं. हेच दोन शब्द मला नंतर टोचत राहिले.

बाबा गेले २०१९ साली. अंबाझरी त्यानंतर चार वर्षांनी आमच्या घरात आली. २३ सप्टेंबर २०२३, शनिवारची पहाट. नागपुरात कोणाला सांगायला नको ती रात्र कशी होती. विजांनी खोली पांढरी होत होती, चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि १८७० साली बांधलेला तो तलाव भरून वाहायला लागला. नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्याकडे आधी न्हाणीघराच्या जाळीतून वर आलं, बुडबुडे काढत, मग दाराखालून. आईला वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेलं तोवर मांडीपर्यंत होतं, उजाडताना कमरेला. फ्रिज तरंगत होता. गाद्या, धान्य, बाबांच्या वह्या ठेवलेली खालची ट्रंक. पाणी उतरलं तेव्हा घरभर पायाच्या घोट्याएवढा चिखल, आणि भिंतीवर सगळीकडे एकाच उंचीवर तपकिरी रेघ. इतकी सरळ की जणू कोणी पाणसळ लावून आखली होती.

बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. चिखलातनं टेप शोधून काढली असती. फरशीपासून रेघेपर्यंतची उंची मोजून, आधी मोठ्यानं बोलून, भिंतीवर पेन्सिलनं तारीख-वेळेसकट लिहिली असती. मी ते केलं नाही. मला ती रेघ बघवत नव्हती. आई रोज उठून तिच्याकडे बघत बसायची. दिवाळीच्या आत रंगारी आला, त्यानं विचारलं, पुट्टी मारून सगळं झाकून टाकू का, आणि मी हो म्हटलं. त्यानंतर गल्लीत कोणीतरी नोंदी करायला आलं होतं, कुणाच्या घरात किती पाणी चढलं होतं ते विचारत. मी हातानं दाखवलं, एवढं. "एवढं म्हणजे किती?" मी म्हटलं, असेल तीन फूट. त्यानं तीन लिहिलं.

वह्यांची ट्रंक मी उघडली होती तेव्हा. त्यात खात्याचं काही नव्हतं, खात्याच्या नोंदवह्या खात्यात. पण बाबा स्वतःसाठी एक नक्कल ठेवायचे, दोनशे पानी वहीत, निळ्या शाईनं. शाई पूर्ण पसरली होती, पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. आम्ही ती कचऱ्याच्या ढिगात ठेवली, कारण त्या आठवड्यात सगळंच ढिगात जात होतं. त्या आडव्या रेघेची नक्कलही त्यातच कुठंतरी असणार.

पारितोषिक मिळालेल्या माणसाबद्दल बाबांना एवढं का वाटायचं, हे मी कितीतरी वर्षं खात्याचा अभिमान या एका शब्दात बसवलं होतं. ते पुरेसं नाही असं आता वाटतं. पुढं चितळ्यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचा जल व सिंचन आयोग नेमला, १९९९ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि त्यात पाण्याचा विचार जिल्ह्याच्या हद्दीनं न करता खोऱ्या-उपखोऱ्यानं करा असं सांगितलं होतं. बाबांना हे वाचून झालेला आनंद मी डोळ्यांनी पाहिला आहे. कारण ते आम्हाला लहानपणापासून पत्ता असाच शिकवायचे. घर नंबर, गल्ली, नागपूर एवढं सांगून झालं की पुढं म्हणायला लावायचे : नाग नदी कन्हानमध्ये, कन्हान वैनगंगेत, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत, गोदावरी समुद्रात. "आता सांग कुठं राहते?" "गोदावरीच्या खोऱ्यात." मग हातावर शेंगदाणे. ठिकठिकाणी कितीतरी लोक रोज सकाळी साडेआठला गुडघ्यावर बसून काट्याचं टोक बघतात, त्यातून धरणात किती येणार, किती उडणार, कोणाला किती देता येणार हे ठरतं, आणि त्या सगळ्याच्या टोकाला कोणीतरी एक माणूस उभा राहून बोलतो. तो खरं बोलू शकतो कारण खाली कोणी खोटं लिहिलं नाही. बाबांना तो सन्मान आपला वाटत होता, आणि तो त्यांचा होताच. मला वाईट याचं वाटतं की हे त्यांना मी कधी म्हटलं नाही. कैऱ्यांचंही नाही. त्यांना माहीत होतं हे मला माहीत होतं, तरी एकदा माझ्या तोंडून त्यांना ऐकवायला हवं होतं.

रविवारी मी काच परत टेबलावर ठेवली. टेबल पॉलिशला गेलंच नाही. महाराजांचं चित्र नवीन आणून ठेवलं, माझा शाळेतला फोटो फिका झालाय तरी तोच ठेवला. बाबांच्या बाजूला, जिथं बसून ते लिहायचे तिथं, काचेच्या आतून ते दोन अक्षरांचं मोठं "तळे", तो कान आणि कॉलर, आणि तुटक ओळी आहेत. त्यांच्या शेजारी मी घासलेली जागा, हाताच्या तळव्याएवढी, अगदी स्वच्छ. खालचं सागवान दिसतं तिथून. आई चष्मा लावून वाकून बघत होती. मग आत गेली आणि बाबांचा एक पासपोर्ट फोटो घेऊन आली, निवृत्तीच्या कागदांसाठी काढलेला. म्हणाली, "हा सरकवून दे ना तिथं. मोकळं दिसून राहिलं."

मी तो फोटो दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला. "ती जागा राहू दे आई," मी म्हटलं. "कोणी विचारलं तर सांगू काय झालं ते."